अम्मींची दाढ आणि घरचा हिशेब

मागच्या बकरी ईदेची गोष्ट. दस्तरखानावर सगळे जेवायला बसलो होतो. अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आपल्या ताटातले मटण हळूच नातवाच्या ताटात सरकवले आणि नुसत्या रश्शात भाकरी कुस्करून घेतली. "आता मटण पचत नाही ग मला," म्हणाल्या. मी विश्वास ठेवला. रात्री भांडी आवरताना मसाल्याच्या डब्यामागे वेदनाशामक गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या. एक-दोन नव्हे, सात. मेडिकलवाल्याकडून त्या स्वतःच आणत होत्या. प्रश्न पचनाचा नव्हताच. दोन वर्षांपासून त्यांची डावी दाढ ठणकत होती आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

का सांगितले नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "आधी समीनाचं लग्न होतं. मग रमजान आला. मग पोराची कॉलेजची फी. दाताला कुठं घाई असते?"

वाचक भगिनींनो, हे वाक्य आपल्यापैकी किती जणींच्या तोंडी असते! ताप आला तर आपण दवाखान्यात जातो, दात दुखला तर लवंगेचे तेल लावतो. मात्र दाताच्या बाबतीत थांबणे हीच सगळ्यात महाग गोष्ट ठरते. दाढेला छोटी कीड असते तेव्हा ती एका बैठकीत भरून निघते. कीड नसेपर्यंत पोहोचली की रूट कॅनॉल करावे लागते आणि वर कॅप बसवावी लागते. दाढ हिरडीखाली मोडली की ती काढण्यावाचून इलाज नसतो आणि मग रिकाम्या जागी नवा दात बसवण्याचा खर्च येतो. प्रत्येक पायरीला पैसे वाढतात. त्यात एक फसवी गोष्ट अशी की, कधीकधी ठणका आपोआप थांबतो. आपण अल्लाहचे आभार मानतो आणि विसरून जातो. बऱ्याचदा दुखणे थांबते ते आतली नस मेल्यामुळे. जंतुसंसर्ग मात्र मुळाशी चालूच असतो. वेदनाशामक गोळीने किंवा अँटिबायोटिकने कीड बरी होत नाही. उलट रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाने रोज वेदनाशामक गोळ्या घेणे मूत्रपिंडाला घातक ठरू शकते.

चौऱ्याण्णव हजारांचा कागद

दुसऱ्याच दिवशी अम्मींना मुंब्र्यातल्या एका चकचकीत दवाखान्यात नेले. तपासणी मोफत होती. वीस मिनिटांनी हातात आकडा आला : तीन दाढांचे रूट कॅनॉल १५,००० रुपये, त्यावर झिर्कोनियाच्या तीन कॅप २७,००० रुपये, आणि आधीच पडलेल्या दोन दातांच्या जागी इम्प्लांट ५२,००० रुपये. एकूण ९४,०००. आमच्या घरात दोघांची कमाई मिळून महिन्याला तीस हजार येतात. "आजच ठरवलंत तर दहा टक्के सूट देऊ, हप्तेही करून देऊ," असे काउंटरवरच्या मुलीने सांगितले.

रिक्षात अम्मी काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, "राहू दे ग बेटी. माझं वय झालं. एवढ्या पैशांत पोराचं वर्ष निघेल." हे ऐकून मला रडू आले. नंतर शांतपणे बसल्यावर लक्षात आले की, त्या कागदावरचा आकडा एकच असला तरी त्यातली कामे एकाच निकडीची नव्हती. दुखणारी दाढ आणि दहा वर्षांपासून रिकामी असलेली जागा यांना एकाच बिलात बांधल्यामुळे अम्मींनी सगळ्यालाच नकार दिला होता.

म्हणून पहिला सल्ला हा की, अंदाजपत्रक नेहमी लेखी मागा आणि प्रत्येक दाताचा खर्च वेगळा लिहून घ्या. मग डॉक्टरांना विचारा, यातले आत्ताच काय करायला हवे? तीन-चार महिन्यांनी चालेल असे काय आहे? आणि पैसे जमतील तेव्हा करण्यासारखे काय? दुखणे, सूज, पू आणि वाढती कीड ही पहिल्या ढिगातली कामे. रिकाम्या जागेचा दात बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या ढिगात जातो. मात्र ती जागा कायमची तशीच ठेवणेही बरे नाही, कारण शेजारचे दात तिकडे कलतात आणि समोरचा दात खाली-वर सरकतो. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. जो "आजच ठरवा" म्हणतो, त्याच्याकडून एक्स-रे घेऊन यावे आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवावे. एक्स-रेचे पैसे आपण दिलेले असतात, तो मागायला लाजू नये.

स्वस्त पर्याय विचारा

आपल्याला पर्याय सांगितले जात नाहीत, कारण आपण विचारत नाही. मागच्या दाढेला दातासारख्या पांढऱ्या रंगाची झिर्कोनिया कॅप छानच असते. पण जी दाढ हसताना दिसत नाही, तिच्यावर साधी धातूची कॅपही वर्षानुवर्षे टिकते आणि ती सगळ्यात स्वस्त पडते. त्या दोन्हींच्या मधली किंमत धातूवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपची असते. रूट कॅनॉल झालेली दाढ ठिसूळ होते, म्हणून पैसे वाचवायला कॅपच टाळणे मात्र चुकीचे आहे. अशी दाढ एक दिवस चावताना दुभंगते आणि आधीचा सगळा खर्च वाया जातो.

रिकाम्या जागेसाठी तीन मार्ग आहेत. काढता-घालता येणारी छोटी कवळी सगळ्यात स्वस्त. सवय व्हायला थोडे दिवस लागतात. ब्रिज पक्का बसतो, पण त्यासाठी शेजारचे दात घासावे लागतात. इम्प्लांटमध्ये जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. शेजारच्या दातांना हात लागत नाही, पण खर्च मोठा आणि कित्येकदा काही महिने थांबावे लागते. आज कवळी लावून पुढे पैसे जमल्यावर दुसरा पर्याय घ्यायचा असेल, तर तसे डॉक्टरांना आधीच सांगावे.

दंत महाविद्यालयाची वाट

माझ्या नणंदेच्या ओळखीतल्या एका बाईंनी सरकारी दंत महाविद्यालयाचे नाव सुचवले. अम्मी घाबरल्या. "शिकाऊ पोरं माझ्यावर हात साफ करणार काय?" ही भीती खूप जणांना असते. प्रत्यक्षात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, टप्प्याटप्प्याला शिक्षक येऊन तपासतात. अवघड रूट कॅनॉल पदव्युत्तर विद्यार्थी करतात, म्हणजे ते बीडीएस होऊन त्याच विषयात पुढे शिकत असतात. आपल्या देशात ही परंपरा जुनी आहे. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात भारतातले पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. आजही त्या संस्थेला त्यांचेच नाव आहे आणि २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस दंतवैद्यक दिन म्हणून पाळला जातो.

मुंबईत सीएसएमटी स्थानकाजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खाजगी महाविद्यालयांनाही विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी रुग्ण हवे असतात, त्यामुळे तिथले दरही बहुधा बाहेरच्या दवाखान्यापेक्षा कमी असतात. पुण्यात आझम कॅम्पसमधले रंगूनवाला दंत महाविद्यालय, कराड, प्रवरानगरजवळचे लोणी अशी ठिकाणे आपल्या वाचकांना जवळची असतील. जिथे महाविद्यालय नाही तिथे जिल्हा रुग्णालयात आणि अनेक उपजिल्हा रुग्णालयांत दातांचे डॉक्टर असतात. दात भरणे, काढणे अशी कामे तिथे होऊ शकतात.

इथे पैसे वाचतात, पण वेळ जातो. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो. अम्मींच्या नऊ फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक वेळी घरातल्या एकाचा अर्धा दिवस मोडला. कॅप आणि कवळीसारख्या, लॅबमध्ये तयार होणाऱ्या वस्तूंचे पैसे वेगळे भरावे लागले. तिथे सांगितले की, तीनपैकी एक दाढ नुसती भरून वाचेल, एकीला रूट कॅनॉल लागेल आणि तिसरी, जी दोन वर्षे ठणकत होती, ती काढावी लागेल. पडलेल्या दोन दातांसह तिन्ही जागांसाठी कवळी केली. लोकलचे भाडे धरूनही सगळा खर्च पहिल्या आकड्याच्या दहाव्या भागाच्या आत बसला.

जाताना मधुमेहाचा रिपोर्ट आणि चालू औषधांचे कागद बरोबर न्यावेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे; त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. दात काढायला उपाशीपोटी जाऊ नये. आणि गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर रमजान, ईद, लग्न काहीही असो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खाजगी डॉक्टर निवडताना

सगळ्यांनाच फेऱ्या मारणे जमत नाही. जवळच्या डॉक्टरकडे जाणार असाल तर भिंतीवरचे नोंदणी प्रमाणपत्र पाहा. कायद्याप्रमाणे राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही हा व्यवसाय करता येत नाही. बाजारात, फुटपाथवर बसून शंभर-दोनशे रुपयांत दात चिकटवून देणाऱ्यांपासून दूर राहा. ते तारेने किंवा रसायनाने नकली दात शेजारच्या दातांना पक्का बांधतात, खाली घाण साचते आणि चांगले दातही हलू लागतात. हत्यारे निर्जंतुक केलेल्या बंद पाकिटातून आपल्यासमोर काढली जातात का, हे बघा. रूट कॅनॉल कोण करणार, कॅपची हमी किती वर्षांची, लॅबचा खर्च सांगितलेल्या रकमेत धरला आहे का, हेही विचारा. ओळखीच्या माणसाचा अनुभव जाहिरातीपेक्षा भरवशाचा.

पैशांची सोय

नेहमीच्या आरोग्य विम्यात दातांचे उपचार सहसा येत नाहीत. अपघातात जबड्याला इजा होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर गोष्ट वेगळी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, रूट कॅनॉल किंवा कवळीसाठी तिच्यावर विसंबून राहू नका. घरात कुणाच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल तर मात्र ईएसआय रुग्णालयाच्या दंत विभागात जरूर चौकशी करा. कामगाराबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही त्याचा लाभ मिळू शकतो.

दवाखान्यात मिळणारे हप्ते बऱ्याचदा फायनान्स कंपनीचे कर्ज असते. बिनव्याजी म्हटले तरी प्रक्रिया शुल्क आणि उशिराचा दंड किती, हे वाचल्याशिवाय सही करू नये. व्याज टाळू पाहणाऱ्या घरांसाठी तर हे आणखीच महत्त्वाचे. दातांचे काम टप्प्यांत होते, तेव्हा पैसेही टप्प्यांत द्यायची मुभा डॉक्टरांकडेच मागा; पुष्कळजण देतात. आमच्या इमारतीत बारा जणींची हजार रुपयांची भिशी आहे. मी अम्मींचे कारण सांगितले आणि पहिली उचल, बारा हजार रुपये, मला मिळाली. त्यातूनच हे काम झाले. संकोच बाजूला ठेवून सांगितले, एवढेच.

आणि पुढचा खर्च नको असेल तर रात्री झोपताना दात घासणे आणि मिश्री सोडणे. आपल्याकडच्या कितीतरी बायका मिश्री लावतात आणि तिला औषध समजतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तो हिरड्यांची हानी करतो आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट करून देतो. मिसवाक करण्याची सवय असेल तर ती चालू ठेवा, सोबत फ्लोराइडची पेस्टही वापरा.

आता अम्मी चपातीबरोबर मटणाचा छोटा तुकडा खातात. कवळीची थोडी कुरकुर करतात. परवा जिभेने रिकाम्या जागेला चाचपत म्हणाल्या, "ही दाढ तेव्हाच दाखवली असती तर वाचली असती का ग?" मी खोटे बोलले नाही. हो म्हटले. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी बुरखा चढवला आणि तळमजल्यावरच्या जुलेखाखालांचे दार वाजवले. त्यांचीही दाढ महिनाभर ठणकते आहे, आणि त्यांनीही घरी सांगितलेले नाही. सोमवारच्या सकाळच्या लोकलने दोघी जाणार आहेत.