कागदावरचे मुष्टियुद्ध

दोन महाबली मुष्टियोद्धे बारा फेऱ्या एकमेकांना झोडपतात आणि जगज्जेता कोण, हे रिंगबाहेर बसलेले तीन पंच ठरवतात. आपल्या आकड्यांमागचे कारण सांगण्याचे बंधन मात्र त्यांच्यावर नाही. हेवीवेट मुष्टियुद्धाला पोखरणारा रोग नेमका येथे आहे आणि त्याकडे डोळेझाक करण्याची मुदत केव्हाच संपली आहे.

१३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लेनॉक्स लुईस आणि इव्हँडर होलीफिल्ड निर्विवाद विश्वविजेतेपदासाठी भिडले. ठोशांच्या मोजणीनुसार लुईसचे ३४८ ठोसे लागले, होलीफिल्डचे १३०. निकाल? बरोबरी! एका पंचाने लुईसला ११६-११३ असे विजयी ठरवले, दुसऱ्याने ११५-११५ असा समतोल साधला आणि तिसऱ्या पंच युजेनिया विल्यम्स यांनी होलीफिल्डच्या पदरात ११५-११३ असा विजय टाकला. ज्या पाचव्या फेरीत होलीफिल्ड दोरांना रेलून मार खात होता, ती फेरीसुद्धा विल्यम्स यांनी त्यालाच बहाल केली. नंतरच्या चौकशीत त्यांचा खुलासा आला, की छायाचित्रकार आड येत होते. घरबसल्या प्रेक्षकांना दिसले, ते रिंगला खेटून बसलेल्या पंचांना दिसले नाही.

लुईसचे डावपेच निर्दोष होते, असे नव्हे. लांब हातांचा लाभ घेत डाव्या जॅबने प्रतिस्पर्ध्याला दूर राखणे, धोका पत्करण्याऐवजी फेऱ्या पदरात पाडणे, ही त्याची रणनीती. पाचव्या फेरीत सावज टप्प्यात असताना त्याने घाव घातला नाही; त्याचे गुरू इमॅन्युएल स्टुअर्ड यांनीच त्याबद्दल त्याला कोपऱ्यात खडसावले. मधल्या फेऱ्यांत होलीफिल्ड सावरला तो या थंडपणामुळे. पण ‘त्याने आणखी काय करायला हवे होते’ हा समीक्षकाचा प्रश्न. ‘या तीन मिनिटांत कोणी काय केले’ एवढाच पंचाचा. स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, बचाव आणि रिंगवरील प्रभुत्व या निकषांत अपेक्षाभंगाला जागा नाही. त्यात गुणपद्धतीचाही दोष आहे. कोणी खाली पडला नाही, तर एकतर्फी फेरी आणि केसभर फरकाची फेरी सहसा १०-९ याच मापाने मोजली जाते. अशा बोथट मापाला आळशी नजर जोडली, की अन्याय अपघात राहत नाही.

याची किंमत कोण मोजतो? प्रथम खेळाडू. कौशल्याने मिळवलेली आघाडी कागदावर पुसली जाते, हे कळल्यावर तो समोरच्याला आडवे पाडण्याखेरीज दुसरा मार्ग शिकणार नाही. बचाव ही कला मागे पडेल आणि मेंदूवरचे आघात वाढतील. मग प्रेक्षकाचा विश्वास उडेल. पुनर्लढतीच्या तिकिटांवर मात्र आयोजकांची चांदी होईल. नोव्हेंबर १९९९ मध्ये लुईस आणि होलीफिल्ड पुन्हा भिडले, तेव्हा लुईस तिन्ही पंचांच्या मते जिंकला. मार्चमध्ये मिळायला हवे होते ते आठ महिन्यांनी मिळाले.

अमेरिकेने २००० साली मुहम्मद अली यांच्या नावाचा कायदा केला. करार आणि पैसा यांवर त्याने थोडाफार प्रकाश पाडला. पंचाच्या लेखणीपर्यंत तो प्रकाश पोहोचला नाही. ऑलिम्पिकची रिंगही या रोगातून सुटली नाही. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या हेवीवेट अंतिम सामन्यात कझाकस्तानचा वासिली लेविट हरल्याचे जाहीर होताच प्रेक्षागृहाने निषेध केला. पुढे स्वतंत्र चौकशीने ती लढत संशयास्पद ठरवली. मुष्टियुद्धाच्या जागतिक संघटनेची ऑलिम्पिक मान्यता २०१९ मध्ये निलंबित झाली आणि २०२३ मध्ये काढून घेतली गेली. लॉस एंजेलिस २०२८ ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात मुष्टियुद्धाला मार्च २०२५ पर्यंत स्थानच नव्हते. आपणही या आगीपासून दूर नाही. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत वादग्रस्त निकालानंतर भारताच्या मुष्टियोद्ध्या सरिता देवी यांनी कांस्यपदक नाकारले, तेव्हा वर्षभराची बंदी आली ती त्यांच्यावर! पुण्याच्या लष्करी क्रीडा संस्थेत घाम गाळणाऱ्या मुलांनी यातून काय शिकावे?

प्रत्येक फेरीच्या गुणांचे कारण पंचाने लेखी द्यावे आणि ते त्याच रात्री जाहीर व्हावे. लढतीतून पैसा कमावणाऱ्यांचा पंचांच्या नेमणुकीशी संबंध नसावा. सदोष गुणांकन करणाऱ्याला पुढची लढत मिळू नये. नियामकांना एवढेही जमणार नसेल, तर त्यांनी खुर्च्या रिकाम्या कराव्यात.