तपासणीची फाइल आणि मुलाची फाइल

स्वयंमूल्यांकन आणि शाळा विकास आराखडा ही दोन कामे बहुतेक विशेष शाळांत एकाच पद्धतीने उरकली जातात. मागच्या वर्षीची फाइल काढायची, तारखा आणि पट बदलायचा, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का मारून पाठवून द्यायची. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वाचकांची तक्रार नेमकी याबद्दल आहे, आणि ती रास्त आहे. मूल्यांकन म्हणून जे भरून मागतात त्यात वर्गखोल्या, रॅम्प, स्वच्छतागृह, कर्मचारी मान्यता, दैनंदिन हजेरी, परिपोषण आणि वेतनेतर अनुदानाचा विनियोग या सगळ्याला रकाना असतो. जूनमध्ये पाण्याचा ग्लास हातात धरू न शकणारी मुलगी मार्चमध्ये तो स्वतः तोंडाला लावू लागली, या गोष्टीला मात्र रकाना नसतो. सामान्य शाळांसाठी बेतलेला ‘स्क्वाफ’ हा शाळा गुणवत्ता मूल्यांकनाचा आराखडा समोर ठेवला तरी अडचण सुटत नाही. त्याची 128 मानके आणि प्रत्येक मानकाचे चार स्तर इयत्तावार अध्ययन निष्पत्ती गृहीत धरतात. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेत दहा वर्षांची दोन मुले एकाच गटात बसतात, त्यांतले एक पैसे मोजते आणि दुसरे नाव पुकारल्यावर मान वळवायला शिकत असते. इथे इयत्ता ही मोजपट्टी चालतच नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की विशेष शाळेचा विकास आराखडा प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यांच्या (आयईपी) बेरजेतून निघाला पाहिजे. साधने आपल्याकडे फार पूर्वीपासून आहेत. मद्रासची एमडीपीएस ही मूल्यमापन सूची 18 क्षेत्रांत 360 कौशल्ये क्रमाने मांडते. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी ही तपासणी सूचीही आपल्या कपाटात आहे. दर तिमाहीला प्रत्येक मुलाच्या नावासमोर ‘स्वतंत्रपणे’, ‘शाब्दिक सूचनेने’, ‘शारीरिक मदतीने’ अशा नोंदी होतात, आणि त्या केस फाइलमध्ये मिटून राहतात. त्या एका कागदावर एकत्र केल्या तर शाळेचे खरे चित्र दिसते. समजा, प्राथमिक गटातली बहुतेक मुले जेवणात पुढे सरकली, पण संप्रेषणात वर्षभर शारीरिक मदतीवरच अडकून राहिली. याचा अर्थ दोष मुलांत नाही. शाळेत चित्रफलक वापरले जात नाहीत, वाचा-उपचारतज्ज्ञ पुरेसे दिवस येत नाहीत, किंवा जेवणाच्या सुट्टीत काळजीवाहक मुलाने मागण्याआधीच वाढून मोकळे होतात. यातले कुठले कारण खरे ते त्या शाळेलाच शोधता येईल, आणि शोधले की पुढच्या वर्षीच्या आराखड्याचे पहिले कलम आपोआप ठरते. भिंती रंगवण्याचा खर्च त्यानंतर येतो.

अर्थात आयईपीच खोटे असेल तर त्याची बेरीजही खोटी. इथे आम्ही आपल्याच सहकाऱ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘संप्रेषण कौशल्यात सुधारणा करणे’, ‘सामाजिक कौशल्ये विकसित करणे’ ही वाक्ये पाच-पाच मुलांच्या फाइलमध्ये एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात सापडतात, आणि वर्षअखेरीस त्यांच्यासमोर ‘समाधानकारक’ असा शेरा असतो. असे उद्दिष्ट गाठले की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहा: शिरूर बसस्थानकावर न्हावऱ्याच्या गाडीची पाटी पाच वेळांपैकी चार वेळा ओळखतो, एका शाब्दिक सूचनेवर. यात जागा आहे, कृती आहे, मदतीची पातळी आहे आणि मोजमाप आहे. मुख्य म्हणजे ते पालकांना समजते. ज्या शिक्षकांचा भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी (सीआरआर) क्रमांक आहे आणि जे सतत पुनर्वसन शिक्षणाच्या (सीआरई) गुणांसाठी दरवर्षी प्रशिक्षणांना बसतात, त्यांनी असे उद्दिष्ट लिहिता येत नाही म्हणणे मान्य होण्यासारखे नाही.

यावर एक आक्षेप अनुभवी शिक्षकांकडूनच येतो: अतितीव्र आणि बहुविकलांग मुलांची प्रगती कौशल्यांच्या यादीत दिसतच नाही, मग त्यांच्यामुळे शाळा मागासलेली ठरायची का? आक्षेप खरा आहे. इंग्लंडने हाच प्रश्न जाहीरपणे हाताळला. तिथल्या ‘पी स्केल’च्या पायऱ्या अशा मुलांना न्याय देत नाहीत, असा निष्कर्ष 2016च्या रॉचफर्ड समितीने काढला, आणि 2021पासून विषयवार अभ्यास न करणाऱ्या मुलांसाठी शोध घेणे, उमजणे, अपेक्षा करणे, चिकाटी आणि पुढाकार या पाच अंगांनी मुलाचा सहभाग पाहायची पद्धत आली. म्हणजे उत्तर मोजणे सोडून देण्यात नाही, या मुलांसाठी वेगळे काही पाहण्यात आहे. घंटेचा आवाज आला की जेवण येणार हे ओळखून मूल दाराकडे पाहू लागले, तर ती प्रगती आहे आणि ती तारखेसह लिहून ठेवता येते.

दुसरा आक्षेप कामाच्या ओझ्याचा. मंजूर पदे रिक्त, त्यात निवडणुकीची कामे, आणि आता आणखी एक तक्ता? इथे आमचा रोख प्रशासनाकडे आहे. राज्यात 2022च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. जय वकील फाउंडेशनचा ‘दिशा’ अभ्यासक्रम राज्यातल्या बौद्धिक दिव्यांगांच्या शाळांत आणला गेला, त्यात मूळ पातळीचे मापन आणि आयईपी दोन्ही आहेत. मग तीच माहिती ऑनलाइन भरा, तीच वहीत लिहा, तीच तपासणी प्रपत्रात पुन्हा उतरवा, हा आग्रह कशासाठी? एकदा नोंदवलेले दुसऱ्यांदा मागू नये, असे एक ओळीचे परिपत्रक काढले तर शिक्षकांचे कितीतरी तास वर्गाला परत मिळतील.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे, आणि तो सहसा कागदावर येत नाही. खरे लिहिले तर अनुदान धोक्यात येते. जो अधिकारी त्रुटी काढतो, त्याच्याच शेऱ्यावर मान्यतेचे नूतनीकरण आणि अनुदानाचा प्रस्ताव अवलंबून असेल, तर कोणता मुख्याध्यापक ‘आमच्या निम्म्या मुलांची संप्रेषणात प्रगती झाली नाही’ असे लिहील? जोवर तपासणी आणि स्वयंमूल्यांकन एकाच फाइलमध्ये आहे तोवर स्वयंमूल्यांकन खोटेच राहणार. पट, इमारत, हिशेब आणि मुलांची सुरक्षितता यांची तपासणी कडक व्हावी, अचानक व्हावी, त्यात तडजोड नको. पण शाळेने स्वतःच्या उणिवा मांडलेला कागद त्या फाइलपासून वेगळा ठेवावा आणि त्यातल्या मजकुरावरून कोणाचेही अनुदान अडवले जाणार नाही, हे दिव्यांग कल्याण आयुक्तालयाने लेखी कळवावे. प्रामाणिक कबुलीला शिक्षा आणि ‘समाधानकारक’ला बक्षीस, अशी सध्याची व्यवस्था आहे, आणि ती मुलांच्या मुळावर येते.

दोन्ही तालुक्यांत काही गोष्टी राज्याच्या नमुन्यात न बसणाऱ्या आहेत, त्यांना आराखड्यात जागा हवी. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कुटुंबे येतात आणि जातात. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटावर काम करणारे पालक काम संपले की गाव सोडतात. तीन महिने गैरहजर राहिलेल्या मुलाची मार्चची नोंद जूनपेक्षा खाली येते. ती लपवण्याऐवजी ‘खंडानंतरची फेरमूळपातळी’ म्हणून वेगळी दाखवावी. शिवाय अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मूल कुठे जाते, कर्मशाळेत, शेतात, दुकानात की घराच्या कोपऱ्यात, हा शाळेच्या मूल्यांकनाचा शेवटचा आणि सर्वांत कठोर प्रश्न आहे. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शंभरहून अधिक वर्षांपूर्वी अंध स्त्रियांना ब्रेल शिकवली गेली. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू करून हाताने काम करत शिकण्याची पद्धत उभी केली. ही परंपरा ज्या भागात आहे, तिथल्या शाळांच्या पूर्वव्यावसायिक गटात वर्षानुवर्षे फक्त मेणबत्त्या आणि पाकिटेच होत असतील, तर आराखड्यात त्यावर एक परिच्छेद तरी असायला हवा.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22नुसार आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने करायचा आहे, आणि समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. अनुदानित शाळांत ही समिती सल्लागार असली तरी तिला बोलावण्यापासून कोणी अडवलेले नाही. वर्गात शर्टाची गुंडी लावणारा मुलगा घरी लावतो का, हे फक्त पालक सांगू शकतात. तेवढे एक विचारले तरी अर्धे मूल्यांकन होते.

शिरूर आणि दौंडच्या मुख्याध्यापकांनो, परिपत्रकाची वाट पाहू नका. न्हावरे-चौफुला रस्त्याने दोन्ही तालुके एकमेकांना जोडलेले आहेत. दिवाळीच्या सुट्टीआधी एका शाळेच्या दोन शिक्षकांनी दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत एक दिवस बसावे, पाच मुलांच्या केस फाइल आणि तीच पाच मुले समोरासमोर पाहावीत, आणि काय जुळले, काय जुळले नाही ते एका पानावर लिहून त्या शाळेलाच द्यावे. वरिष्ठांकडे प्रत पाठवू नये. ज्या शाळांना वाटेल त्यांनी ते पान, मुलांची आणि शाळेची नावे काढून, आमच्याकडे पाठवावे. जानेवारीच्या अंकाची पाने आम्ही त्यासाठी राखून ठेवली आहेत. मजकूर 10 डिसेंबरपर्यंत हाती यावा.