आधी बाटली झाका

वाइनचा शौकीन ओळखायची माझी एक खूण आहे. त्याच्यासमोर बाटली ठेवा आणि तिच्याभोवती कालचं वर्तमानपत्र गुंडाळा. खरा शौकीन खुर्ची पुढे ओढतो. बाकीचे आधी हसतात, मग घड्याळाकडे बघतात, आणि शेवटी म्हणतात, "ताई, हे काय लहान मुलांसारखं? जेवायला बोलावलंय ना, परीक्षेला नाही." हे बाकीचेच आता फार झालेत. शनिवारी दुपारी मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांना शिव्या घालत ते वीर, दासगाव, महाड परिसरातल्या आपापल्या फार्महाऊसवर पोचतात. डिकीत भाजीच्या पिशवीआधी बाटल्या असतात, आणि बाटल्यांआधी त्यांचे फोटो ग्रुपवर पोचलेले असतात.

1993 साली कोकण रेल्वेची गाडी रोह्याहून वीरपर्यंत धावू लागली तेव्हा आमच्याकडे पाहुणा यायचा तो फणस न्यायला. आता तो फ्रेंच खेड्यांची नावं शिकवायला येतो. याला माझी हरकत नाही. नावं मलाही आवडतात आणि वाइन तर फारच आवडते. हरकत आहे ती बाटली झाकल्याबरोबर या विद्वत्तेला जो घाम फुटतो त्याला.

माझी उभी नोकरी महाडच्या एमआयडीसीत, रासायनिक कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत झाली. तिथे नमुना यायचा तो साध्या बाटलीत, वर तीन आकडी नंबर. माल आपला की दुसऱ्याचा, साहेबांच्या लाडक्या पाळीतला की रात्रीच्या, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की हात नकळत झुकतो. अप्रामाणिक माणसाचाच झुकतो असं नाही, सगळ्यांचाच झुकतो. सॉल्व्हंटच्या पिंपाला आम्ही जो न्याय देत होतो, तो आठ हजारांच्या बाटलीला द्यायला या मंडळींची का ना? कारण उघड आहे. पिंपाला न्याय दिल्याने कुणाची अब्रू जात नव्हती.

आता म्हणाल, बाटली झाकायला काय लागतं? एक पिशवी. नाही हो, तिथेच तर अर्धी फसवणूक होते. पिशवीत घातलेली बाटली बोलते. बोर्दोची बाटली ताठ खांद्यांची, बरगंडीची उतरत्या खांद्यांची. जड बूड म्हणजे महाग माल, हे दुकानदारालाही ठाऊक. उघडताना बूच निघालं की फिरकीचं झाकण कर्रकन फिरलं, हे ओट्यावर बसलेल्यालाही ऐकू येतं. म्हणून माझ्याकडे बाटल्या स्वयंपाकघरातच उघडतात आणि एकसारख्या काचेच्या जगांत ओततात. जगांवर नंबर चिठ्ठ्या टाकून पडतात. ओतणारा बाहेर येत नाही आणि वाढणारा आत जात नाही, कारण वाढणाऱ्याला माहीत असलं की त्याच्या भुवया सगळं सांगून टाकतात. प्रत्येकाला साधारण 50 मिली. 750 मिलीच्या बाटलीत तेवढे पंधरा घोट निघतात, त्यामुळे डझनाहून जास्त माणसं बोलवायची नाहीत.

ग्लासांची कथा वेगळीच. कोकणातल्या दमट कपाटात ग्लास उपडे ठेवले की त्यांत बुरशीचा आणि डांबरगोळीचा वास कोंडतो. एका फार्महाऊसवर मी स्वतः पाहिलं, यजमान ग्लासात नाक खुपसून डोळे मिटून म्हणाले, "ओल्या जंगलातली माती!" पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी माझा रिकामा ग्लास हुंगला. माती त्यातही होती. म्हणून सकाळी सगळे ग्लास गरम पाण्याने धुवायचे, साबणाचा वास राहू द्यायचा नाही, उन्हात सुकवायचे आणि वाढायच्या आधी प्रत्येक ग्लास रिकामा हुंगायचा. एवढ्या कामाला शौक लागतो.

उष्म्याचंही तसंच. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हे वाक्य कुणीतरी युरोपात, दगडी घरात बसून लिहिलं. वीरची खोली मार्चच्या संध्याकाळी तिशी सोडत नाही. त्या तापमानाला चांगली शिराझही नाकात अल्कोहोल मारते. सोळा ते अठरा अंश हवेत, म्हणजे वाढण्याआधी बराच वेळ बाटली फ्रिजमध्ये. आणि ती बाटली आपल्याकडे येईपर्यंत काय भोगून आली हे तर विचारूच नका. तालुक्याच्या गावच्या दुकानात वाइन कुठे असते? वरच्या फळीवर, उभी, ट्यूबलाइटखाली, कारण खालच्या फळ्यांवर खपणारा माल असतो. एक उन्हाळा काढलेली तसली बाटली शिजलेल्या मनुकांसारखी लागते. बाटली झाकून प्यायलं तर हे पहिल्या घोटात कळतं. लेबल समोर असलं की यालाच 'परिपक्वता' म्हणतात.

पुढचा नियम सर्वांत कडक: कागदावर लिहून होईपर्यंत तोंड उघडायचं ते पिण्यासाठी. आपल्या बैठकींत पहिला जो बोलतो, त्यातही ज्याची गाडी मोठी असते, त्याचीच चव सगळ्यांच्या जिभेवर उतरते. त्याने 'चेरी' म्हटलं की बाराही जणांना चेरी लागते. यातल्या निम्म्यांनी चेरी खाल्लीय ती फक्त केकवरची, पाकातली. करवंद म्हणा, जांभूळ म्हणा, रातांबा म्हणा. ओळखीच्या फळाचं नाव घ्यायला लाज का वाटते?

आणि मी एक खोडी हटकून करते. एकच वाइन दोन नंबरांनी लावते. मागच्या हिवाळ्यात दोन आणि पाच नंबर एकाच वाइनचे होते. आमच्यातल्या एका डॉक्टरांनी दोनला 'तकलादू, घाईत केलेली' असं लिहिलं आणि पाचला 'जुन्या जगाची खानदानी वाइन'. ते खानदान दिंडोरीचं होतं. कागद वाचून दाखवल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाटली उघडून मधे वेळ गेला ना, तेवढ्यात ती खुलली." दोन्ही जग एकाच मिनिटाला भरलेले होते. मी ते बोलले नाही. बारा माणसं डॉक्टरांकडे बघत होती, तेवढं पुरे झालं.

डॉक्टर एकटे पडलेत असं समजू नका, त्यांना मोठी संगत आहे. बोर्दो विद्यापीठात फ्रेडरिक ब्रोशे यांनी वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, बिनवासाचा लाल रंग घालून. पोरांनी तिच्यात लाल वाइनची फळं शोधून काढली. हे 2001 मध्ये छापून आलं. कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळ्यातल्या परीक्षकांना रॉबर्ट हॉजसन यांनी एकाच बाटलीतली वाइन एकाच फेरीत तीनदा दिली, तर दहातला एखादाच परीक्षक आपल्या मताला धरून राहिला. हे तर पदकं वाटणारे लोक! आणि सगळ्यांची आजी म्हणजे 24 मे 1976 ची पॅरिसमधली चाचणी. स्टीव्हन स्परियर या इंग्रज दुकानदाराने फ्रान्सच्या नामांकित परीक्षकांपुढे कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या वाइन बाटल्या झाकून ठेवल्या. पांढऱ्यांत शातो माँटेलीना पहिली आली, लालमध्ये स्टॅग्ज लीप. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या, दोन्ही 1973 च्या. ओडेट कान या परीक्षक बाईंनी आपले गुणांचे कागद परत मागितले. स्परियरने दिले नाहीत. कागद आधी गोळा करावेत हे मी तिथून शिकले.

मग काय, वाइनमध्ये काही नसतंच का? सगळं थोतांड? असं म्हणणाऱ्यांचाही एक उपद्रवी पंथ आहे. त्यांना दारूची किक कळते, बाकी काही कळून घ्यायचं नसतं, आणि ब्रोशेचं नाव त्यांना माझ्याआधी पाठ असतं. त्यांच्यासाठी मी तीन ग्लास ठेवते: दोन एकच, एक वेगळा. वेगळा ओळखा. नुसतं बोट ठेवलं तरी तिघांतला एक बरोबर येणारच, त्यामुळे नऊ जणांत तिघांनी ओळखलं म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत. पण आमच्याकडे भात, भाकरी आणि मासळी रांधणारी एक बाई आहे. वाइन तिने कधी विकत घेतलेली नाही. ती हे पुन्हा पुन्हा बरोबर ओळखते. "ह्याला तुरटपणा घशाशी हाय, त्या दोगांना दाताशी," असं सांगते. फरक असतो. तो जिभेला कळतो. फक्त जिभेला मधे कुणी टोकायला नको.

टोकण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, आणि तिच्यातलं सर्वांत भयंकर उदाहरण शोधायला मला लांब जावं लागत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबतच्या हजारो माणसांनी पाणी प्यायलं. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी 108 घागरी पंचगव्य ओतून ते तळं 'शुद्ध' केलं. 19 तारखेच्या आणि 21 तारखेच्या पाण्याचे दोन पेले झाकून समोर ठेवले असते, तर त्यांतल्या एकाही शास्त्र्याला फरक सांगता आला नसता. फरक घातला तो त्यांनीच, शेण आणि गोमूत्र ओतून. त्या पाण्याच्या लढ्याशेजारी आमची वाइन ठेवायची माझी छाती नाही. पण ओठ लावणारा कोण हे आधी विचारून चव ठरवायची खोड कुठवर जाते, हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी फार्महाऊसवरून येता-जाता ते तळं बघावं. बहुतेक जण बघत नाहीत.

2022 च्या 27 जानेवारीचं आठवतंय? राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांच्या वरच्या किराणा-सुपरमार्केटांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. एक बाजू म्हणाली, वाइन म्हणजे दारू नव्हेच, शेतकऱ्याचं कल्याण आहे. दुसरी बाजू म्हणाली, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होतंय. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय गुंडाळला गेला. एवढ्या गदारोळात बाटलीत काय आहे याबद्दल कुणी एक वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यानंतरची फळ छाटणी, जानेवारी ते मार्चच्या तोडणीत घडाची साखर किती भरली, आंबटपणा किती टिकला, हे ज्याच्या जिवावर उठतं त्या नाशिकच्या बागायतदाराचं नाव दोघांनीही घेतलं, त्याची वाइन कुणी चाखली नाही. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून इतकी वर्षं गेली, आणि अजून वाद लेबलावरच: दारू की नाही.

शौकिनांची तऱ्हा याहून वेगळी नाही. परदेशी वाइनवर सीमाशुल्काचा दर वर्षानुवर्षं दीडशे टक्के. तिकडे मंगळवारच्या जेवणाला उघडतात ती बाटली इथे येईतो चार-पाच पट होते आणि पाहुण्यांपुढे देवासारखी बसवली जाते. तिचा अपमान होऊ नये म्हणून ती झाकायची नाही! बरं, एवढी बाटली घेणाऱ्याकडे दारूबंदी कायद्याखालचा पिण्याचा परवाना असतो का? एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. 1949 चा कायदा अजून जिवंत आहे, माझ्याकडे येणाऱ्याला मी तो कागद मागते. आठ हजारांची बाटली काढणारे हात पाच रुपयांच्या कागदासाठी खिसे चाचपताना मी पाहिले आहेत.

आता त्या 'जेवण की परीक्षा' या प्रश्नाकडे येते, कारण त्यात थोडं तथ्य आहे. नुसते घोट घेऊन गुण दिले की गोड आणि दणकट वाइन जिंकते. मी एकदा मुद्दाम स्वस्त, गोड पोर्ट घातली, जी आमच्याकडच्या कित्येक घरांत नाताळला आणि बाळंतिणीच्या नावाखाली आणली जाते. पहिल्या फेरीत ती वर आली. चेहरे बघण्यासारखे होते. म्हणूनच जेवण हवं, आणि जेवतानाही बाटल्या झाकलेल्याच हव्यात. आम्ही हिवाळ्यात पोपटी लावतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. जाळ वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि पहिली फेरी संपल्यावरच, नाहीतर धुराने सगळ्यांची नाकं गेलीच. शेंगा सोलता सोलता दुसरी फेरी. इथे पोर्टचा दुसरा ग्लास कुणी मागितला नाही. लाकडी पिंपात मुरवलेली महागडी लाल ओव्यापुढे कडू झाली. आणि पहिल्या फेरीत तळाला गेलेली, थंडगार, कोरडी शेनिन ब्लाँ सगळ्यांत आधी संपली. रिकामा जग कुणाचं मत विचारत नाही.

डॉक्टरांचा या जानेवारीचा निरोप आलाय, "ताई, यंदा लेबलं दिसू द्या, निदान जेवताना." दिसतील. हात धुऊन झाल्यावर, कागद माझ्या कपाटात गेल्यावर, आणि प्रत्येकाने प्रत्येक नंबरासमोर आपल्या अंदाजाची किंमत रुपयांत लिहून खाली सही केल्यावर. सही नको असेल त्याने पोपटीला यावं, शेंगा भरपूर आहेत. अत्तर लावून येणाऱ्याची पानं अंगणात, जाळाच्या बाजूला मांडली जातील.