बोलिव्हियाचा पुढचा उमेदवार कोण ठरवणार?



दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तिथे आदिवासी मूठभर नाहीत, देशाचा मोठा हिस्सा आहेत. डोंगरपठारावर आयमारा आणि केचुआ, खाली जंगलात कितीतरी लहान जमाती. २००६ च्या जानेवारीत त्यांच्यातला एवो मोरालेस राष्ट्राध्यक्ष झाला. लहानपणी लामा नावाची जनावरं चारणारा, पुढे कोका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा पुढारी. त्याच वर्षी डिसेंबरात आपला वनहक्क कायदा संसदेत पास झाला. आपण दाव्यांच्या फायली घेऊन तालुक्याला चकरा मारत होतो, तेव्हा तिथे २००९ साली नवी घटना आली आणि ३६ आदिवासी भाषा सरकारी भाषा झाल्या. म्हणून त्या देशाच्या चांगल्या बातम्या आम्ही शिबिरात आवडीने सांगत आलो. आता वाईट बातमी पण सांगितली पाहिजे.

१७ ऑगस्ट २०२५ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष, 'मास', पार आडवा झाला. २०२० साली ५५ टक्के मतं होती, या वेळी तीन टक्क्यांच्या जरा वर. एकाच घराच्या तीन चुली झाल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष लुईस आर्से स्वतः मागे सरला आणि त्याच्या गटाने त्याचा एक माजी मंत्री उभा केला. कोका शेतकऱ्यांचा तरुण पुढारी आंद्रोनिको रॉड्रिगेझ दुसऱ्या आघाडीकडून उभा राहिला, त्याला आठ टक्क्यांच्या आसपास मिळाली. आणि एवोला उभं राहायला बंदी होती, तर त्याने लोकांना सांगितलं, मत बाद करा. पाचातलं जवळपास एक मत बाद झालं! ज्या आंद्रोनिकोला एवोने हाताशी धरून वाढवलं, त्याच्यावर मतदानाच्या दिवशी आपल्याच भागात दगड पडले. शेवटी दुसऱ्या फेरीत डावीकडचा कोणीच उरला नाही.

महागाई होती, डिझेलला रांगा होत्या, डॉलर संपले होते, हे खरंच आहे. त्यामुळे सत्ता गेली असती. पण घर मोडलं ते त्यामुळे नाही, असं आमचं मत आहे.

मागे जाऊन २०२० चा जानेवारी बघा. आदल्या नोव्हेंबरात लष्कराने सांगितल्यावर एवोने राजीनामा दिला, देश सोडला. मागे साकाबा आणि सेंकाता इथे माणसं गोळ्यांनी मारली गेली. अशा दहशतीत गावोगावच्या शेतकरी, आदिवासी आणि बायांच्या संघटना एकत्र बसल्या आणि त्यांनी नावं ठरवली : राष्ट्राध्यक्षपदाला आयमारा नेता दाविद चोकेवांका, सोबत आंद्रोनिको. थोड्याच दिवसांत परदेशात, ब्युनोस आयर्समधून, एवोने वेगळं जाहीर केलं. वर आर्से, चोकेवांका खाली. आर्से शहरातला, हिशेबात पक्का, जुना अर्थमंत्री. निवडणूक जिंकली, म्हणून कोणी विचारलं नाही की सभेच्या निर्णयाचं काय झालं. पण जो एका माणसाच्या शब्दावर वर जातो, तो सभेला बांधलेला नसतो. पुढे आर्से एवोला पण बांधलेला राहिला नाही. मग दोघांची वेगवेगळी अधिवेशनं, कोर्टकचेऱ्या, रस्ते बंद.

एवोने काही केलं नाही असं आम्ही म्हणत नाही. त्याच्याआधी तिथे आदिवासी बाईला साध्या सरकारी कचेरीत मान नव्हता. पण २०१६ साली लोकांना विचारलं, परत उभा राहू का? लोकांनी थोडक्यात का होईना, नाही म्हटलं. त्यावर कोर्टाकडून वाट काढली. ग्रामसभेने नाही म्हटल्यावर फॉरेस्टवाला वरून कागद आणतो, तेव्हा आपण काय म्हणतो? तेच इथे म्हटलं पाहिजे, माणूस आपला असला तरी.

आणि सभा म्हणजे तरी कोणाची? २०११ साली तिपनिसच्या जंगलातून रस्ता काढायचा ठरला तेव्हा सखल भागातले आदिवासी राजधानीपर्यंत पायी निघाले. दोन महिने चालले, बायामुलं घेऊन. आपला नाशिक-मुंबई मोर्चा आठवा, तो आठवड्याचा होता. वाटेत पोलिसांनी त्यांना झोडपलं, सरकार एवोचं असताना. त्या लोकांना त्या पक्षात उमेदवार निवडायला कधी बरोबरीने बसवलंच नाही.

पुढची निवडणूक २०३० ला आहे. आमचे काही सोबती म्हणतात, आंद्रोनिको तरुण आहे, त्यालाच धरा. धरा की, पण आधी गावसभांत नाव जाऊ द्या, डोंगरातल्या आणि जंगलातल्या सुद्धा, आणि एकदा ठरलं की मोठ्या नेत्याने ते मोडायचं नाही. चार वर्षं आहेत, घाईचं कारण नाही.

आपल्याकडे जिल्हा परिषदेची नावं आत्ताच कानावर येतात, ती पण चार माणसांच्या तोंडून. या महिन्याच्या गाव बैठकांत हा विषय घ्यावा, बायांनी आधी बोलावं, आणि नावं कागदावर लिहून, ठराव करून कमिटीकडे पाठवावी.