मोटारीतून येणारे आवाज

चार महिन्यांपूर्वी एक आई आपल्या बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा बारावीपर्यंत हुशार. मग कॉलेज सुटले, मित्र तुटले, आंघोळ टाळू लागला, रात्ररात्र जागायचा. घरच्यांनी आधी आळस म्हटले, नंतर प्रेमभंग. चुलत्यांनी तर सल्ला दिला, ‘लग्न लावा, सुधारेल.’ वर्षभराने तो म्हणाला, विहिरीवरच्या मोटारीतून मला शिव्या ऐकू येतात. शेजारी जेवणात विष कालवतात म्हणून भाकरीलाही शिवेना. मग तीन देवस्थाने झाली, दोन मांत्रिक झाले आणि त्यापायी दोन शेळ्या विकल्या गेल्या.

या आजाराला स्किझोफ्रेनिया किंवा छिन्नमनस्कता म्हणतात. पहिले वर्ष गेले तो त्याचा मुका टप्पा. मुलांमध्ये तो बहुधा विशीच्या आसपास येतो, मुलींमध्ये थोडा उशिरा. दुसऱ्या टप्प्यात आजार उघडा पडतो: नसलेले आवाज, पक्का संशय, तुटक बोलणे, एकट्याने हसणे. ते आवाज त्याला खरोखर ऐकू येतात, नाटक नव्हे. त्याच्याशी वाद घालू नका आणि ‘हो, मलाही ऐकू येतात’ असेही म्हणू नका. ‘तुला त्रास होतोय ना बाळा, मी आहे इथे,’ एवढे पुरते.

तिसऱ्या टप्प्यात घरातली माणसे जास्त चुकतात. गोळ्यांनी आवाज ओसरतात, पण उत्साह परत येत नाही. मुलगा ओसरीवर बसून राहतो, चेहऱ्यावर आनंद नाही की राग नाही. सुगीचे दिवस असले की बापाचा तोल जातो. पण काका, हाही आजारच आहे. टोमण्यांनी तो पुन्हा उसळतो. रोज एक लहान काम सांगा, झाले की बरे म्हणा.

बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करणे हे आजार उलटण्याचे मोठे कारण. सुस्ती, हाताला कंप, वजन वाढणे असा त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येते. गोळी नियमित घेत नसेल त्याला महिन्याचे इंजेक्शन मिळते. गांजा पूर्ण बंद.

हा आजार आईच्या वळणाने होत नाही. आई किंवा वडिलांना असला, तरी साधारण दहातल्या नऊ मुलांना होत नाही. साखळीने बांधणे तर नकोच. तामिळनाडूत एरवाडी येथे २००१ साली आग लागली, तेव्हा बांधलेले २८ रुग्ण पळता न आल्याने जळून मेले. २०१७ च्या कायद्याने साखळदंडाला बंदी आहे.

आणखी एक. या रुग्णांत आत्महत्येचा धोका मोठा असतो. फवारणीची औषधे आजच कुलपात ठेवा, किल्ली आपल्या कमरेला. जीव द्यावासा वाटतो असे तो बोलला, किंवा आवाज तसे सांगतात म्हणाला, तर एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. १४४१६ या फोनवर रात्रंदिवस फुकट सल्ला मिळतो, मराठीतही.

तो मुलगा आता सकाळी डेअरीला दूध घालून येतो. आवाज कमी झालेत, गेले नाहीत. चुलते अजून लग्नाचा विषय काढतात.