रोपं मोजण्याआधी पाणी पाहा

पावसाळा तोंडावर आला की खाडीकाठी खारफुटीची किती रोपं लावली, याचे आकडे छापून येऊ लागतात. मी पेणच्या खारभूमीत भात पिकवते. बांधाच्या आत आम्हाला खारं पाणी नको असतं. बांधाबाहेरच्या कांदळवनाला मात्र ते रोज यायला आणि रोज जायलाही हवं असतं. रोपांच्या आकड्यांत नेमकं हेच राहून जातं.

ओहोटीला तिवर या खारफुटीच्या झाडाखालचा चिखल उकरून पाहा. वर करडा, बोटभर खाली काळाकुट्ट, सडक्या अंड्यांचा वास. तिथे हवा पोचत नाही, म्हणून गळलेली पानं आणि मेलेली मुळं पुरती कुजत नाहीत. त्यांतला कार्बन शतकानुशतकं गाळातच राहतो. कांदळवनाचा बहुतेक कार्बन असा झाडांत नव्हे, जमिनीत असतो.

तो राखायला झाडं जगावी लागतात. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली तिवराची श्वासमुळं ओहोटीला उघडी पडली नाहीत, तर झाड गुदमरतं. २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळानंतर फ्लोरिडात दहा हजार हेक्टरांहून अधिक कांदळवन मेलं, ते मुख्यतः जिथे उधाणाचं पाणी सखल भागात तुंबून राहिलं तिथे. ऑस्ट्रेलियाच्या कार्पेंटारिया आखातात याच्या उलट घडलं. २०१५-१६ च्या एल निनोत समुद्राची पातळी काही काळ खाली गेली, जोडीला उष्मा आणि दुष्काळ. हजार किलोमीटर किनाऱ्यावर सात हजार हेक्टरांहून अधिक वन वाळलं. मुळं मेली की गाळाची पकड सुटते, लाटा तो धुऊन नेतात आणि हवा लागलेला जुना कार्बन पुन्हा वातावरणात जातो.

आपल्याकडे २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’. वादळ अडवणं आपल्या हाती नाही, पाण्याची वाट मोकळी ठेवणं आहे. आमच्या गावाजवळ रस्त्याखालची मोरी गाळाने बुजली आहे. रस्त्याच्या एका बाजूची तिवरं हिरवीगार, तर दुसऱ्या बाजूला पाणी साचून पिवळी पडलेली. कुणी कुऱ्हाड चालवली नाही, म्हणून कुणावर गुन्हाही नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि भोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. आता सरकारने भरती-ओहोटी अडवणाऱ्यालाही तोड करणाऱ्याइतकंच जबाबदार धरावं. खाडीवरचा प्रत्येक भराव आणि मोरी पावसाळ्याआधी तपासावी, वादळानंतर तुंबलेलं पाणी तातडीने काढावं. हे काम कोळ्यांना आणि खारशेतकऱ्यांना रीतसर मजुरी देऊन सोपवावं. पाणी कुठे अडतं ते आम्हाला ठाऊक असतं. नवी रोपं जरूर लावा, पण शतकांचा गाळ ती पाच वर्षांत साठवू शकत नाहीत. उभं वन जगवणं हेच पहिलं काम आहे, आणि त्यासाठीचा पैसा रोपवाटिकेच्या आधी मोऱ्यांवर खर्च झाला पाहिजे.