नेता, नेणारा आणि प्रबंध

'नेता' हा शब्द संस्कृतातील 'नी' या धातूपासून आला. आपले 'नेणे' हे क्रियापदही त्याच घरचे. संस्कृतातला नेता वाट दाखवीत पुढे घेऊन जातो. मराठीत मात्र 'नेणारा' म्हटले की काहीतरी उचलून नेणाराच आधी डोळ्यांपुढे उभा राहतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्याला या दुसऱ्या अर्थाचा अनुभव अधिक आहे. येथून सागवान गेले, बांबू गेला, कोळसा गेला, लोहखनिजही जाते आहे. आणि प्रबंधांसाठी माहितीही जाते. 'जागतिक नेतृत्व' या विषयात डॉक्टरेट करू पाहणाऱ्या इथल्या विद्यार्थ्यांशी आणि अध्यापकांशी म्हणूनच थोडे बोलावे असे आम्हांला वाटते.

आमची हरकत पदवीला नाही. अमेरिकेत इंडियाना टेकसारखी संस्था याच नावाची पीएच.डी. देते. २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून या दोन जिल्ह्यांना स्वतःचे विद्यापीठही आहे. जंगलाकाठच्या मुलाने जगाच्या नेतृत्वाचा अभ्यास करावा, यात हसण्यासारखे काही नाही. हरकत आहे ती 'जागतिक' या विशेषणाला.

या विषयाचा एक आधारस्तंभ म्हणजे रॉबर्ट हाउस यांनी सुरू केलेला 'ग्लोब' हा संशोधनप्रकल्प. २००४ साली त्याचा ग्रंथ आला. भारतासह ६२ समाज आणि सुमारे १७,००० उत्तरदाते हा त्याचा आवाका कोणालाही थक्क करील. पण हे उत्तरदाते होते अन्नप्रक्रिया, वित्तसेवा आणि दूरसंचार या तीन क्षेत्रांतील मधल्या फळीचे व्यवस्थापक. ज्या सभेत कोणी कोणाचा साहेब नसतो, तिचा विचार या प्रश्नावलीत येणार कोठून?

अशी सभा गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेवर, मेंढा-लेखा या सुमारे शंभर घरांच्या गोंड गावात भरते. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर सभा थांबते, पुन्हा बसते. निर्णयाआधी अभ्यासगटात विषयाची चर्चा होते. पण अभ्यासगट ठरवीत काही नाही, ठरवते ती ग्रामसभा. जाणणे आणि सत्ता चालवणे यांची ही फारकत मोठमोठ्या संस्थांनाही सहज साधलेली नाही. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकामुळे मराठी वाचकाला हे सारे ठाऊक आहे. नेतृत्वाच्या अभ्यासकालाही ते ठाऊक असावे, एवढीच अपेक्षा.

यावर कोणी म्हणेल, की हे गावाचे भाबडे कौतुक झाले. मेंढ्याचे नाव घेतले की देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही दोन नावे ओठांवर येतातच. मग नेता नाही असे कसे म्हणता? शिवाय सहमतीच्या दडपणाखाली एखादा दुबळा आवाज गप्प होत नसेल कशावरून? दोन्ही आक्षेप रास्त आहेत. किंबहुना प्रबंधाचे खरे प्रश्न हेच आहेत, आणि त्यांची उत्तरे व्यवस्थापकांना वाटलेल्या प्रश्नावलीतून मिळणार नाहीत.

इथले ज्ञान जगाला उपयोगी पडते काय, ही शंकाही आता उरू नये. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांचे संशोधन १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ते संशोधन जगापर्यंत पोचले, आणि त्याचे फळ आधी गावाच्या पदरात पडलेले होते.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. ज्या गावातून साहित्य घेतले, त्या गावाला कळेल अशा मराठीत, आणि जमल्यास गोंडीत वा माडियात, प्रबंधाचा सारांश ग्रामसभेपुढे वाचला जावा. गावाचा आक्षेप असेल तर तो प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडावा. गावाला नकाराधिकार द्यावा असे आम्ही म्हणत नाही. तसे झाले तर अभ्यासकाला गावाची चिकित्साच करता येणार नाही. पण उत्तर देण्याचा अधिकार तरी द्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत मौखिकीला अध्यापक आणि संशोधक यांना बसण्याची मुभा आहे. आपल्याच गावाविषयीच्या प्रबंधाच्या बाबतीत गावकऱ्यांइतके जाणकार दुसरे कोण?

प्रबंध इंग्रजीत बांधून ग्रंथालयाच्या फडताळात गेला, अभ्यासकाच्या नावामागे 'डॉक्टर' लागले आणि गावाला त्याचा पत्ताच नसला, तर जंगलातून आणखी एक गोष्ट नेली गेली, इतकेच म्हणावे लागेल. नेतृत्वावर प्रबंध लिहिणाऱ्याने या दोहोंपैकी कोणता नेणारा व्हायचे, हे विषय नोंदवण्यापूर्वीच ठरवावे.